तारीख अंकी आणि अक्षरी : संगणकीय तक्त्यातील दिनांकांचे रूपांतर

शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख दोनदा लिहिण्याची प्रथा आहे : एकदा अंकी व एकदा अक्षरी. सेवापुस्तकातही हीच दक्षता घेतली जाते. यामागील विचार साधा आहे. अंक पुसट होतात, घाईत एकाचा सात होतो, दिवसाच्या जागी महिना आणि महिन्याच्या जागी दिवस पडतो. ‘एक जून एकोणीसशे अडुसष्ट’ असे अक्षरांत लिहिले की या शंकांना जागा राहत नाही. आता शाळांच्या याद्या, कर्मचाऱ्यांची जेष्ठतासूची, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गोषवारा, लाभार्थ्यांची पत्रके हे सर्व संगणकावरील तक्त्यांत, म्हणजे रूढ भाषेत एक्सेल शीटमध्ये तयार होते. या तक्त्यांत तारखेचा रकाना असतो. परंतु तिच्या शेजारचा अक्षरी रकाना बहुधा गळालेला असतो. तारखांच्या रूपांतरात होणाऱ्या बऱ्याच चुकांना याच जागेतून वाट मिळते.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा हे गाव आहे. फाटा म्हणजे जेथे एका रस्त्याचे दोन रस्ते होतात ते ठिकाण. तेथे दिशादर्शक पाटी नसेल तर नवखा प्रवासी चुकीच्या वाटेला लागण्याचा संभव असतो. संगणकीय तक्त्यात ‘०१/०६/१९६८’ असे लिहिणे म्हणजे पाटी नसलेला फाटाच होय. एक वाट १ जूनकडे जाते, दुसरी ६ जानेवारीकडे. चुकलेला प्रवासी निदान पुढच्या गावी थांबून विचारतो. संगणक कोणालाही विचारत नाही. जी वाट त्याला आधी शिकवलेली असेल ती तो निमूटपणे धरतो.

मराठवाड्याला परिचित असलेले काम

एका पद्धतीची तारीख दुसऱ्या पद्धतीत आणण्याचे काम मराठवाड्यातील दप्तरांना नवीन नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील महसुली व प्रशासकीय कारभार फसली सनाने चाले. फसल म्हणजे पीक. पिकाच्या हंगामाशी सारा वसुलीचा मेळ बसावा म्हणून मोगल अमदानीत हा सन रूढ झाला. हैदराबादेतील फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशा फारसी नावांचे होते. हैदराबादचा जमीन महसूल कायदा ‘१३१७ फसली’ या सनाने ओळखला जातो. इसवी सनाच्या हिशेबाने ते वर्ष १९०७-०८ होते. १५ ऑगस्ट १९६७ रोजी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता अंमलात येईपर्यंत मराठवाड्यात याच कायद्यानुसार महसुलाचे काम चालत असे.

या फसली सनात सरसकट ५९० मिळविले की इसवी सन मिळतो, अशी समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. वर्षाच्या आरंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० मिळवावे लागतात. १ जानेवारीनंतर ५९१. म्हणूनच १७ सप्टेंबर १९४८ हा मराठवाडा मुक्तीचा दिवस १३५७ फसलीच्या अखेरीस येतो, १३५८ मध्ये नव्हे. उत्तर भारतातील फसली सनाचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. राष्ट्रीय दिनदर्शिकेतही असाच प्रकार आहे. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधार समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ रोजी, ती अंमलात आली. शकात ७८ मिळवावयाचे की ७९, हे तारीख १ जानेवारीच्या अलीकडील आहे की पलीकडील यावर ठरते.

जुन्या दप्तरदाराला हे ठाऊक असे. तारीख वाचण्यापूर्वी ती कोणत्या सनातील आहे हे तो प्रथम पाही. संगणकावर काम करणाऱ्यालाही हाच पहिला नियम लागू आहे. फरक इतकाच की येथे प्रश्न सनाचा नसून क्रमाचा आहे : आधी दिवस की आधी महिना?

संगणक तारीख कशी जपतो

तक्त्याच्या चौकटीत तारीख दिसत असली तरी संगणकाच्या स्मरणात ती तारीख म्हणून नसते; तेथे एक पूर्णांक असतो. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक दिलेला आहे आणि तेथून पुढे प्रत्येक दिवसाला एकेक वाढता क्रमांक मिळतो. १७ सप्टेंबर १९४८ चा क्रमांक १७७९३ आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या १ मे १९६० चा क्रमांक २२०३७ आहे. एकातून दुसरा वजा केला की दोन घटनांमधील ४२४४ दिवसांचे अंतर तत्काळ मिळते. वय काढणे, मुदत मोजणे, विलंब ठरविणे ही सर्व कामे संगणक याच क्रमांकांच्या आधारे करतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, चौकटीत दिसणारी तारीख हा त्या क्रमांकाचा केवळ पोशाख आहे. ‘०१-०६-१९६८’, ‘१ जून १९६८’, ‘१९६८-०६-०१’ हे तीन पोशाख आहेत. आतला क्रमांक एकच आहे. ‘फॉरमॅट सेल्स’ या आज्ञेने पोशाख बदलतो, दिवस बदलत नाही. दुसरी गोष्ट अशी की, चौकटीत तारखेसारखे दिसणारे काही वेळा तारीख नसतेच; तो नुसता मजकूर असतो. त्याच्या पोटात क्रमांक नसल्यामुळे पोशाख बदलण्याची आज्ञा त्याच्यावर चालत नाही आणि वयाचे गणितही होत नाही. मुद्दाम काही बदल केलेला नसेल तर मजकूर चौकटीच्या डाव्या कडेला आणि क्रमांक उजव्या कडेला टेकतो. एवढ्या खुणेनेही दोहोंतील भेद ओळखता येतो.

न बोलणारी चूक

आपल्याकडे दिवस, महिना, वर्ष असा क्रम आहे. अमेरिकेत महिना, दिवस, वर्ष असा आहे. संगणकात प्रदेशाची निवड अमेरिकेची राहिली असेल, आणि अनेक संगणकांत ती सुरुवातीपासून तशीच राहून गेलेली असते, तर आपल्या क्रमाने लिहिलेली तारीख तो अमेरिकेच्या क्रमाने वाचतो. या वाचनाचे तीन परिणाम संभवतात.

तारीख ‘२५/०६/१९६८’ अशी असेल तर पंचविसावा महिना नसल्यामुळे संगणक तिला तारीख मानत नाही. ती मजकूर म्हणून पडून राहते. तारीख ‘०६/०६/१९६८’ असेल तर दोन्ही क्रमांनी अर्थ एकच निघतो आणि काही बिघडत नाही. परंतु ‘०१/०६/१९६८’ असेल तर संगणक ती तत्परतेने स्वीकारतो आणि ६ जानेवारी म्हणून नोंदवितो. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी २२१ दिवस पहिल्या प्रकारात मोडतात, १२ दुसऱ्या आणि १३२ तिसऱ्या.

येथे एक उलटा अनुभव येतो. ज्या तारखा संगणकाने नाकारल्या त्या डाव्या कडेला अडून बसतात, नजरेत भरतात आणि कर्मचाऱ्याला त्रास देतात. पण त्या खोट्या नसतात. ज्या तारखा निर्वेध स्वीकारल्या गेल्या, ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, त्यांतच चूक दडलेली असते. म्हणून रूपांतर करताना केवळ अडलेल्या तारखा दुरुस्त करून भागत नाही. संशय घ्यावयाचा तो स्वीकारलेल्या तारखांचा.

एक जूनचा प्रश्न

महाराष्ट्रात या चुकीला एक विशेष कारणही आहे. पूर्वी ग्रामीण भागात जन्माची नोंद नेहमीच होत असे असे नाही. मूल शाळेत आणले की वयाच्या अंदाजाने जन्मवर्ष ठरे आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे गुरुजी १ जून ही जन्मतारीख लिहून घेत. आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेल्यांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके आहे. दरवर्षी ३१ मे रोजी कार्यालयांतून आणि शाळांतून एकदम अनेकांना निरोप दिला जातो तो त्यामुळेच. ०१/०६ ही तारीख त्या १३२ घातक तारखांपैकी एक आहे. म्हणजे जन्मतारखा वर्षभर सारख्या विखुरलेल्या असत्या तर जितक्या चुका झाल्या असत्या, त्याहून अधिक चुका आपल्या याद्यांत होऊ शकतात.

त्याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अनुसार ज्यांचे निवृत्तीचे वय ५८ आहे असा कर्मचारी, ज्या महिन्यात ५८ वर्षे पूर्ण होतात त्याच्या अखेरच्या दिवशी सेवानिवृत्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी. १ जून १९६८ रोजी जन्मलेला कर्मचारी यानुसार ३१ मे २०२६ रोजी निवृत्त होतो. हीच तारीख तक्त्यात ६ जानेवारी झाली तर संगणक ३१ जानेवारी २०२६ असे उत्तर देतो. चार महिन्यांची सेवा आणि चार महिन्यांचे वेतन एका न बोललेल्या चुकीमुळे यादीतून नाहीसे होते. सेवापुस्तकाशी ताडून पाहिले तर ही चूक सापडतेच. परंतु ताडून पाहण्याचे कारणच कोणाला दिसत नाही, कारण ६ जानेवारी ही तारीख दिसायला पूर्णपणे बरोबर असते.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर जन्मनोंदणीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खालील व्यवस्थेत जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश अशा पायऱ्या आहेत. समजा, एका बालकाचा जन्म ०४/०९/२०२४ रोजी झाला आणि खबर १२/०९/२०२४ रोजी दिली गेली. अंतर ८ दिवसांचे. गोषवाऱ्याच्या तक्त्यात या दोन्ही तारखा उलट वाचल्या गेल्या तर जन्म ९ एप्रिलचा आणि खबर ९ डिसेंबरची ठरते. अंतर २४४ दिवसांचे होते. वेळेवर आलेल्या पालकाचे नाव विलंबाच्या यादीत जाते. नोंदणी अधिनियमातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीसाठी शाळाप्रवेशापासून शासकीय नियुक्तीपर्यंत अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मप्रमाणपत्रच धरले जाते. त्यामुळे या मुलांच्या तारखांच्या बाबतीत पूर्वीसारखी ‘गुरुजींनी लिहिली ती’ ही सोय उरलेली नाही.

रूपांतराची रीत

रूपांतराचे काम क्रमाने केल्यास अवघड नाही.

प्रथम, मूळ फाइल जशी आली तशी वेगळी ठेवावी. काम प्रतीवर करावे. मूळ तारखांचा रकाना पुसू नये; त्याच्या शेजारी नवा रकाना घ्यावा.

दुसरे, संगणकाची प्रदेशाची निवड पाहावी. विंडोज प्रणालीत ‘रीजन’ या ठिकाणी भारतासाठीची इंग्रजी किंवा मराठी निवडली म्हणजे पुढे टंकलेल्या तारखा दिवस, महिना, वर्ष याच क्रमाने वाचल्या जातात. आधीच चुकून वाचल्या गेलेल्या तारखा मात्र यामुळे सुधारत नाहीत.

तिसरे, एखाद्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली, स्वल्पविरामांनी विभागलेली फाइल, जिला सीएसव्ही म्हणतात, ती थेट दोनदा टिचकी मारून उघडू नये. तशी उघडताच संगणक विचारल्याशिवाय तारखा लावून घेतो. त्याऐवजी आधी कोरा तक्ता उघडून ‘डेटा’ या यादीतून ती आत आणावी आणि आणताना तारखेच्या रकान्याचा क्रम ‘डीएमवाय’, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, असा सांगावा. लिब्रेऑफिस कॅल्क या विनामूल्य कार्यप्रणालीत फाइल उघडतानाच ही निवड करण्याची सोय आहे.

चौथे, तारखा मजकुराच्या रूपात आधीच तक्त्यात असतील तर तो रकाना निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ ही आज्ञा द्यावी. तिच्या तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडून पुढे ‘डीएमवाय’ घ्यावे. हा क्रम म्हणजे तारखेचा आता असलेला क्रम, हवा असलेला नव्हे. येथे अनेकांची गल्लत होते. आपण संगणकाला ‘हे असे वाच’ असे सांगत असतो. ‘असे दाखव’ हे सांगण्याचे काम ‘फॉरमॅट सेल्स’ करते आणि ते नंतरचे आहे.

पाचवे, तारीख दोन अंकी दिवस, दोन अंकी महिना आणि चार अंकी वर्ष अशा ठरावीक लांबीच्या मजकुरात असेल तर सूत्रानेही काम होते. ‘डेट’ या सूत्राला वर्ष, महिना, दिवस हे घटक याच क्रमाने लागतात. मजकुरातील शेवटची चार अक्षरे ‘राइट’ने, चौथ्या अक्षरापासूनची दोन ‘मिड’ने आणि पहिली दोन ‘लेफ्ट’ने काढून ती ‘डेट’ला दिली की तारीख बनते. येथे प्रदेशाच्या निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कोणता भाग कोणता हे आपण स्वतः सांगितलेले असते. देवनागरी अंकांत टंकलेल्या तारखा पुष्कळदा मजकूर म्हणूनच राहतात. त्यांचे अंक आधी बदलून घ्यावेत.

शेवटी, नव्या रकान्याला महिना अक्षरांत दिसेल असा पोशाख द्यावा : ‘०१-जून-१९६८’. हाच अक्षरी रकाना होय. तो दिसू लागताच उलटलेल्या तारखा डोळ्यांना खटकू लागतात.

चूक ओळखण्याच्या खुणा

दुसऱ्या कार्यालयाकडून आलेली यादी बरोबर आहे की उलटलेली, हे काही खुणांवरून ताडता येते. उजव्या कडेला टेकलेल्या, म्हणजे संगणकाने स्वीकारलेल्या तारखांचा दिवस ‘डे’ या सूत्राने काढावा. शेकडो तारखा असूनही त्यांत १२ पेक्षा मोठा दिवस एकही नसेल, आणि १३ ते ३१ या दिवसांच्या सर्व तारखा डावीकडे मजकूर होऊन पडल्या असतील, तर तो रकाना उलट वाचला गेला आहे असे समजण्यास हरकत नाही. कर्मचाऱ्यांच्या यादीत ६ जानेवारीला जन्मलेल्यांची गर्दी दिसली तर ती बहुधा १ जूनला जन्मलेल्यांची असते. घटना आजच्या तारखेच्या पुढील दिसत असेल किंवा खबर जन्माच्या आधीची दिसत असेल तर कारण बहुधा हेच असते.

अशा यादीत उलटलेल्या तारखेतून दिवस व महिना अदलाबदल करून ‘डेट’च्या सूत्राने ती सुलट करता येते. पण हा उपाय शेवटचा समजावा. त्याच रकान्यात काही तारखा कोणीतरी हाताने आधीच दुरुस्त केलेल्या असतील तर सरसकट अदलाबदलीने त्या बिघडतात आणि मग कोणती खरी हे तक्त्यावरून सांगता येत नाही. मूळ फाइल मिळवून नव्याने आत आणणे, आणि निर्णायक बाबतीत जनरल रजिस्टर किंवा सेवापुस्तकातील अक्षरी नोंद पाहणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

सात-बाराची तारीख होते तेव्हा

काही वेळा उलट प्रकार घडतो. जी तारीखच नाही तिला संगणक तारीख करून टाकतो. गाव नमुना सात आणि बारा यांवरून रूढ झालेले ‘७/१२’ हे नाव चौकटीत टंकून पाहावे. ते डिसेंबर किंवा जुलै महिन्यातील एखादा दिवस होऊन बसते. गट क्रमांक व पोटहिस्सा, घर क्रमांक, ठराव क्रमांक यांतील तिरकी रेघ अशीच फसविते. गट १२ चा तिसरा हिस्सा म्हणून ‘१२/३’ लिहावे आणि १२ मार्च वा ३ डिसेंबर मिळावा, हा अनुभव तलाठी दप्तराला अपरिचित नाही. नंतर पोशाख बदलून मूळ आकडे परत येत नाहीत. पाच अंकी क्रमांक तेवढा दिसतो. उपाय एकच : टंकण्यापूर्वीच त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा.

हा दोष फक्त खेड्यातील दप्तरालाच भोवला असे नाही. मानवी जनुकांची काही संक्षिप्त इंग्रजी नावे मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या नावांसारखी होती आणि शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली.

जुनी वर्षे आणि अपुरी वर्षे

एक्सेलची दिनगणना १९०० पासून सुरू होत असल्यामुळे त्यापूर्वीची तारीख त्यात मजकूर म्हणूनच राहते. शिवाय १९०० हे लीप वर्ष नसूनही एक्सेल त्या वर्षी २९ फेब्रुवारी धरते. लोटस १-२-३ या जुन्या कार्यप्रणालीशी मेळ राहावा म्हणून हा दोष जाणून ठेवला गेला. त्यामुळे १ मार्च १९०० च्या आधीच्या दिवसांचे क्रमांक इतर कार्यप्रणालींशी एका दिवसाने जुळत नाहीत. मॅकिन्टॉश संगणकावरील काही जुन्या फाइलींत गणना १९०४ पासून होत असे; तिच्यातून तारखा उचलल्या तर १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षे व एका दिवसाचा फरक पडतो.

मराठवाड्यात हा केवळ तांत्रिक तपशील नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त निजामकालीन उर्दू व मोडी अभिलेखांचा शोध घेतला गेला. जमिनीच्या हक्कांसाठी १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत आणि त्याहीमागे जावे लागते. अशा नोंदींची सूची तक्त्यात करताना तीन रकाने ठेवणे हितावह ठरते : मूळ नोंद जशी आहे तशी, सन कोणता, आणि इसवी रूपांतर. नोंदीत केवळ ‘१३५६ फसली’ असेल तर इसवी रकान्यात ‘१९४६-४७’ एवढेच लिहावे. संगणकाला पूर्ण तारीख हवी म्हणून १ जानेवारी जोडून देणे म्हणजे दप्तरात नसलेला दिवस निर्माण करणे होय. तो पुढे कोणाच्या तरी प्रकरणात पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

दोन अंकी वर्ष हाही असाच सापळा आहे. ‘२८’ लिहिले असता संगणक ठरलेल्या सीमेनुसार ते २०२८ धरतो. १९२८ साली जन्मलेल्या वृद्धाचे वय उणे येते किंवा लाभार्थ्यांच्या यादीतून तो वगळला जातो. वर्ष नेहमी चार अंकी लिहावे, हा नियम करून टाकणे चांगले.

कोणता क्रम स्वीकारावा

कार्यालयांत आणि लोकांत दिवस, महिना, वर्ष हाच क्रम चालत आला आहे आणि छापील कागदावर तो तसाच राहण्यास हरकत नाही. मात्र एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे फाइल पाठविताना वर्ष, महिना, दिवस हा क्रम वापरणे अधिक सुरक्षित आहे. १९८८ मध्ये ‘आयएसओ ८६०१’ या आंतरराष्ट्रीय मानकाने तो निश्चित केला असून ‘आयएस ७९००’ हे भारतीय मानकही त्याला अनुसरूनच आहे. ‘१९६८-०६-०१’ ही तारीख संगणक चुकीच्या वाटेने वाचत नाही. शिवाय ती मजकूर म्हणून राहिली तरी चढत्या क्रमाने लावल्यास कालानुक्रम बिघडत नाही. दिवस पुढे असलेल्या मजकुराचे तसे होत नाही. त्यात १ जून २०२४ ही तारीख २ मे १९६८ च्या आधी येऊन बसते.

यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या तक्त्यात तारखेशेजारी अक्षरी महिन्याचा एक रकाना वाढवावा, आणि यादी पुढे पाठविण्यापूर्वी त्यातील काही नावे मूळ रजिस्टराशी ताडून पाहावीत. गुरुजींच्या शाईच्या दौतीपासून चालत आलेली अंकी-अक्षरीची रीत संगणकाच्या काळातही तितकीच उपयोगी आहे. १ जूनला जन्मलेल्या माणसाची तारीख यादीत १ जूनच राहते ती या रीतीमुळे.